इंकस्केपमध्ये एक्स्टेन्शन टाकलं, पण मेनूत दिसत नाही: नेमकं कुठे अडतं ते कसं शोधायचं

फलटणहून एका ताईंचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. ताई ब्लाउजच्या बाह्यांवर मशीन एम्ब्रॉयडरी करून देतात. लग्नसराई तोंडावर, दोन लग्नघरांचं काम हातात, आणि इंकस्केप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं इंकस्टिच, म्हणजे एम्ब्रॉयडरीचं एक्स्टेन्शन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम), गायब. "दादा, काल रात्री पोरानं टाकून दिलं. चालवूनपण दाखवलं. आज उघडलं तर मेनूत नावच नाही. तीनदा इंकस्केप काढून परत टाकलं, तरी नाही."

मी त्यांना एकच विचारलं, काल रात्री पोरानं काँप्युटर कोणत्या नावाने उघडला होता? उत्तर आलं, त्याच्या स्वतःच्या. दुकानातल्या त्या काँप्युटरवर दोन लॉगिन आहेत, एक ताईंचं आणि एक मुलाचं. इंकस्टिच मुलाच्या लॉगिनमध्ये अगदी व्यवस्थित बसलेलं होतं आणि अजूनही तिथेच होतं. ताईंनी आपल्या लॉगिनमध्ये ते पुन्हा टाकलं आणि दहा मिनिटांत मेनूत नाव आलं.

कराडला माझं लेझर कटिंगचं छोटं दुकान आहे. इंकस्केप मी ०.९२ या आवृत्तीपासून रोजच्या कामाला वापरतो, आणि ओळखीच्यांच्या ओळखीतून असे फोन मला येत राहतात. नेमप्लेटवाले, एम्ब्रॉयडरीवाले, शाळेत लेझर मशीन आलंय म्हणून शिकणारे सर. प्रत्येकाचं एक्स्टेन्शन वेगळं, पण पहिलं वाक्य तेच: टाकलं, पण दिसत नाही. दुसरं वाक्यही तेच: काढून परत टाकलं, तरी नाही.

म्हणून आधी हेच सांगतो. इंकस्केप काढून परत टाकणं थांबवा. त्याने हा प्रश्न बहुतेक वेळा सुटत नाही, आणि न सुटण्याला कारण आहे. इंकस्केप स्वतः बसतं प्रोग्रॅम फाइल्समध्ये. तुम्ही टाकलेली एक्स्टेन्शन्स, तुमची सेटिंग्ज, तुमचे शॉर्टकट हे सगळं मात्र बसतं तुमच्या लॉगिनच्या खासगी फोल्डरमध्ये. प्रोग्रॅम काढला तरी साधारणपणे त्या फोल्डरला कोणी हात लावत नाही. म्हणजे घराला नवा रंग दिला, पण किल्ली हरवली आहे ती हरवलेलीच. तीनदा रंग दिला तरी दार उघडायचं नाही.

किल्ली कुठे आहे हे इंकस्केपलाच विचारायचं. अंदाज करायचा नाही, यूट्यूबवर दुसऱ्याच्या काँप्युटरवर दिसलेला पत्ता आपल्याकडे टाइप करायचा नाही. एडिट मेनूत सगळ्यात खाली प्रेफरन्सेस आहे. ते उघडा, डावीकडच्या यादीत सिस्टिम निवडा. उजवीकडे फोल्डरांच्या पत्त्यांची मोठी यादी येईल. त्यात 'युजर एक्स्टेन्शन्स' नावाची ओळ शोधा आणि तिच्या शेजारचं ओपनचं बटण दाबा. जो फोल्डर उघडेल तोच खरा. एक्स्टेन्शनच्या फाइल्स तिथे असल्या पाहिजेत. नसतील, तर तुमचं निम्मं उत्तर मिळालं.

विंडोजवर हा पत्ता सहसा तुमच्या युजरच्या फोल्डरात, ॲपडेटा, मग रोमिंग, मग इंकस्केप, मग एक्स्टेन्शन्स असा असतो. ॲपडेटा हा फोल्डर विंडोज मुळात लपवून ठेवतं, त्यामुळे फाइल एक्स्प्लोररमध्ये शोधणाऱ्याला तो सापडतच नाही, आणि काही जण तर त्या नावाचा नवा फोल्डर स्वतः तयार करतात. पत्ता शोधायची गरजच नको म्हणून ते ओपनचं बटण.

त्याच यादीत 'इंकस्केप एक्स्टेन्शन्स' नावाची दुसरी ओळ आहे, तो प्रोग्रॅम फाइल्समधला फोल्डर. त्यात काही टाकू नका. टाकलं तर चालतं, हे खरं, आणि म्हणूनच फसायला होतं. पुढच्या अपडेटला तो फोल्डर नव्याने लिहिला जातो आणि तुमचं एक्स्टेन्शन त्यात उरेलच असं नाही. 'सहा महिने चालत होतं, अपडेट केल्यावर गेलं' अशा तक्रारीत मी आधी हेच तपासतो.

ज्यांनी इंकस्केप मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलंय त्यांच्याकडे हा फोल्डर वेगळ्या जागी निघू शकतो. लिनक्सवर स्नॅप किंवा फ्लॅटपॅकमधून घेतलं असेल तर नक्कीच वेगळा असतो, कारण त्या पद्धतीत प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची कुंपण घातलेली जागा दिली जाते. इतरांनी सांगितलेल्या घरच्या कॉन्फिग फोल्डरात तुम्ही कितीही फाइल्स टाका, कुंपणातल्या इंकस्केपला त्या दिसत नाहीत. बाहेरचा दुसरा प्रोग्रॅम हाक मारून चालवणारी एक्स्टेन्शन्सही अशा कुंपणात अडखळतात. लिनक्सवर असं काम सतत असेल तर साधं पॅकेज किंवा ॲपइमेज घेतलेलं बरं, असा माझा अनुभव आहे.

आता समजा, फोल्डर बरोबर आहे आणि फाइल्सही तिथे आहेत. मग त्या फाइल्स खरोखर काय आहेत ते बघायचं.

इंकस्केपचं साधं एक्स्टेन्शन म्हणजे किमान दोन फाइल्सची जोडी. एकीच्या शेवटी आयएनएक्स असतं, दुसरीच्या शेवटी पीवाय. आयएनएक्स ही फाइल म्हणजे दुकानाची पाटी: एक्स्टेन्शनचं नाव काय, मेनूत कुठे दिसायचं, कोणकोणते रकाने भरून घ्यायचे, आणि प्रत्यक्ष काम कोणत्या फाइलने करायचं. पीवाय म्हणजे आतला कारागीर, पायथन भाषेत लिहिलेला. पाटी आहे आणि कारागीर नाही, तर इंकस्केप दुकान उघडत नाही. कारागीर आहे आणि पाटी नाही, तर दुकान आहे हेच त्याला कळत नाही. मोठ्या एक्स्टेन्शनमध्ये मदतीला आणखी फाइल्स आणि फोल्डर असतात. त्यातली एक जरी मागे राहिली तरी खेळ संपला.

या जोडीत सगळ्यात जास्त बिघडणारी गोष्ट अशी आहे की फाइल दिसते पण ती ती फाइल नसते. गिटहब या, एक्स्टेन्शनचे लेखक फाइल्स ठेवतात त्या संकेतस्थळाच्या पानावर फाइलच्या नावावर राइट क्लिक करून 'लिंक सेव्ह करा' केलं की नाव बरोबर येतं, शेवटी पीवायही असतं, पण आत उतरलेलं असतं गिटहबचं वेबपान. ओळखायला अगदी सोपं आहे. फाइल नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्याच ओळीत उद्गारचिन्हासह डॉकटाइप एचटीएमएल असं काही दिसलं, तर तो कारागीर नाही, कारागिराचा फोटो आहे. ती फाइल पुसा आणि पूर्ण झिप उतरवून घ्या.

झिपमध्येही दोन खाचखळगे आहेत. तयार आवृत्त्यांच्या पानावर खाली 'सोर्स कोड' नावाची झिप आपोआप लागलेली असते. छोट्या, नुसत्या पायथनच्या एक्स्टेन्शनला ती चालून जाते. इंकस्टिचसारख्या मोठ्या एक्स्टेन्शनला ती चालत नाही, कारण तो कच्चा माल आहे. तिथे आपल्या विंडोज, मॅक किंवा लिनक्ससाठी बांधून ठेवलेली तयार फाइलच घ्यायची. दुसरी गोष्ट, विंडोजचं 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' झिपच्या नावाचा एक फोल्डर करतं आणि झिपमध्येही त्याच नावाचा फोल्डर असतो. फोल्डरात फोल्डर, त्यात फाइल्स.

इंकस्केप १.० पासून उपफोल्डर धुंडाळतं, त्यामुळे नव्या पद्धतीने लिहिलेल्या एक्स्टेन्शनला याचा त्रास होत नाही. जुन्या पद्धतीच्या पाटीवर मात्र कारागिराचा पत्ता 'थेट एक्स्टेन्शन्स फोल्डरात' असा लिहिलेला असतो. पाटी आणि कारागीर दोघेही आतल्या खोलीत शेजारी शेजारी बसलेले असले तरी इंकस्केप त्याला बाहेरच्या खोलीत शोधतं आणि परत येतं. म्हणून एक्स्टेन्शन जुनं असेल, तर फाइल्स उपफोल्डरातून काढून थेट एक्स्टेन्शन्स फोल्डरात ठेवून बघा. नवं असेल तर लेखकाने दिलेली फोल्डरांची रचना जशीच्या तशी ठेवा, मोडू नका.

आणि उपफोल्डर धुंडाळण्याच्या याच सवयीमुळे आणखी एक घोळ होतो. आपण नीटनेटकी माणसं, जुनी आवृत्ती पुसत नाही. एक्स्टेन्शन्सच्याच आत 'जुनं' नावाचा फोल्डर करून तिथे टाकतो. इंकस्केप त्या 'जुनं'मध्येही जातं आणि तिथली पाटीही वाचतं. आता एकाच ओळखक्रमांकाच्या दोन पाट्या झाल्या. कोणती उचलली जाईल याचा भरवसा नाही. नवी आवृत्ती टाकूनही जुनाच डायलॉग उघडत असेल तर शंभरातल्या बऱ्याच वेळा जुनी प्रत घरातच लपलेली असते. जुन्या प्रती पेनड्राइव्हवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवा, एक्स्टेन्शन्सच्या बाहेर.

फाइल्स टाकल्यावर इंकस्केप बंद करून पुन्हा उघडावं लागतं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण सगळ्या खिडक्या बंद व्हायला हव्यात. एक डिझाइन मागे मिनिमाइझ असेल तर ते बंद झालेलं नाही. कधी खिडक्या सगळ्या बंद दिसतात आणि इंकस्केप आतल्या आत चालूच असतं. टास्क मॅनेजरमध्ये नाव दिसलं तर तिथून बंद करा आणि मग उघडा.

यानंतर एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा: मी योग्य मेनूत बघतोय ना? हा प्रश्न मी फोनवर विचारतो तेव्हा लोकांना राग येतो, तरी विचारतो. एक्स्टेन्शन कोणत्या उपमेनूत बसायचं हे त्याचा लेखक ठरवतो. 'लेझर' असं शोधताय आणि ते 'जनरेट जीकोड' नावाखाली बसलंय, असं होतं (जीकोड म्हणजे मशीनला कसं हलायचं ते सांगणाऱ्या सूचना). इंकस्केप १.१ किंवा त्यापुढचं असेल तर कीबोर्डवर प्रश्नचिन्ह दाबा. वर एक शोधपट्टी उघडते, कमांड पॅलेट म्हणतात तिला. तिथे एक्स्टेन्शनच्या नावातला एखादा शब्द टाइप करा. तिथे सापडलं म्हणजे ते बसलेलं आहे, फक्त तुमचा डोळा दुसरीकडे होता.

काही एक्स्टेन्शन्स मेनूत दिसायची नसतातच. ती फाइलचा नवा प्रकार वाचायला किंवा लिहायला शिकवतात. त्यांची जागा 'सेव्ह ॲज' आणि 'सेव्ह अ कॉपी'च्या खिडकीतल्या प्रकारांच्या यादीत. एम्ब्रॉयडरी मशीनला लागणारी डीएसटी किंवा पीईएस फाइल इंकस्टिचमधून काढायची तर तीही तिथूनच. ताईंचा दुसरा फोन याच कारणाने आला होता. "मेनूत आलं, टाकेपण दिसतात, पण मशीनची फाइल कुठून काढू?" आणि रंगांच्या पॅलेट, चिन्हांचे संच, टेम्प्लेट या गोष्टी तर एक्स्टेन्शनच नाहीत. त्यांना वेगळे फोल्डर आहेत, प्रेफरन्सेसच्या त्याच सिस्टिमच्या यादीत त्यांचेही पत्ते दिलेले आहेत. पॅलेटची फाइल एक्स्टेन्शन्समध्ये टाकली तर एरर येत नाही आणि पॅलेटही येत नाही.

इथपर्यंत सगळं बरोबर असूनही नाव नाही? मग नोंदवही उघडायची वेळ झाली. या नोंदवहीबद्दल मी जितक्या कळकळीने सांगतो तितकं दुसऱ्या कशाबद्दल सांगत नाही, कारण उत्तर बहुतेक वेळा तिथे लिहून ठेवलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. एक्स्टेन्शन्स फोल्डरच्या एक पायरी वर, इंकस्केपच्या फोल्डरात, 'एक्स्टेन्शन एरर्स' नावाची लॉग फाइल असते. इंकस्केप उघडताना जे एक्स्टेन्शन त्याला घेता आलं नाही त्याचं नाव आणि कारण ते इथे लिहितं. नोटपॅडने उघडा, आपल्या एक्स्टेन्शनचं नाव शोधा. 'डिपेंडन्सी मिळाली नाही' अशा अर्थाचं वाक्य असेल तर त्याच्या खाली कोणती फाइल मिळाली नाही तेही लिहिलेलं असतं. ती फाइल कुठे राहिली ते शोधा. बस, एवढंच काम. इंग्रजी वाचायला जड जात असेल तरी फाइलचं नाव तर ओळखता येतंच.

आणि नोंदवहीत तुमच्या एक्स्टेन्शनचा उल्लेखच नसेल, तर तीही माहितीच आहे: इंकस्केपने ती पाटी वाचलेलीच नाही. म्हणजे फोल्डर चुकलाय किंवा आयएनएक्स फाइलच नाही. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं, त्यामुळे शेवटी आयएनएक्सच्या पुढे टीएक्सटी लागलेलं असू शकतं आणि ते दिसत नाही. एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूतून शेपटं दाखवायला लावा आणि बघा.

आता दुसरा मोठा गट. नाव मेनूत येतं, क्लिक केलं की लाल-काळ्या अक्षरांची लांबलचक एरर.

याच्या मुळाशी बहुतेक वेळा २०२० साल आहे. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात इंकस्केप १.० आलं. त्याने एक्स्टेन्शन्सचं काम पायथन ३ वर नेलं आणि इंकेक्स नावाचा, सगळी एक्स्टेन्शन्स ज्याच्या आधारावर उभी असतात तो संचही नव्याने मांडला. ०.९२ साठी लिहिलेली, आणि नंतर ज्यांच्या लेखकांनी हात लावला नाही अशी एक्स्टेन्शन्स तेव्हापासून अडखळतात. इंटरनेटवर ती अजून पडून आहेत, जुने व्हिडिओ अजून तीच उतरवायला सांगतात. एररच्या शेवटच्या एक-दोन ओळी वाचा, वरचं सगळं सोडून द्या. तिथे 'सिंटॅक्स एरर' असेल आणि प्रिंटच्या ओळीकडे बोट असेल, तर फाइल पायथन २ ची आहे हे जवळजवळ नक्की, कारण पायथन ३ मध्ये प्रिंटला कंस लागतो. 'ॲट्रिब्यूट एरर' असेल आणि त्यात इंकेक्सचं नाव असेल, तर जुन्या इंकेक्समधली एखादी गोष्ट शोधली जातेय जी आता त्या नावाने नाही.

कंस घालून बघण्याचा मोह होतो. मीही घातले आहेत, आणि दोन-चार ओळींच्या एक्स्टेन्शनला ते पुरतातही. मोठ्याला पुरत नाहीत. एक एरर गेली की दुसरी उभी राहते. त्यापेक्षा त्या एक्स्टेन्शनची १.x साठीची आवृत्ती आहे का ते शोधा. लेझरवाल्यांमध्ये चालणाऱ्या जे टेक फोटॉनिक्सच्या टूलची जुन्या आणि नव्या इंकस्केपसाठी वेगवेगळी आवृत्ती आहे, ती चुकून उलटसुलट उतरवली जाते. आणि नुसता साधा जीकोड हवा असेल तर जीकोडटूल्स इंकस्केपच्या सोबतच येतं, काही टाकावंही लागत नाही. इंकस्केपची आपली आवृत्ती कोणती हे हेल्पमधल्या अबाऊटमध्ये दिसतं. एक्स्टेन्शन उतरवायच्या आधी तो आकडा बघा.

एररच्या शेवटी 'नो मॉड्यूल नेम्ड' आणि पुढे एखादं नाव असेल, तर गोष्ट वेगळी. एक्स्टेन्शनला पायथनची एखादी जोडवस्तू हवी आहे आणि ती मिळत नाही. इथे शिकलेली मुलंसुद्धा फसतात. ती पायथनच्या संकेतस्थळावरून पायथन टाकतात, पिप या पायथनच्याच साधनाने ती जोडवस्तू टाकतात, कमांड प्रॉम्प्टवर चालवून बघतात, तिथे चालतं. इंकस्केपमध्ये मात्र तीच एरर. कारण विंडोजवरचं इंकस्केप स्वतःचं पायथन सोबत घेऊन येतं, प्रोग्रॅम फाइल्समध्ये इंकस्केपच्या बिन फोल्डरात. ते तुमच्या पायथनकडे बघतही नाही. शेजारच्या घरात साखर आणून ठेवली आणि आपला चहा गोड झाला नाही, तसं हे. एक्स्टेन्शनच्या लेखकाने ती जोडवस्तू सोबत दिली आहे का, आणि दिली असेल तर ती कुठे ठेवायला सांगितली आहे, हे त्याच्या वाचा-मला फाइलमध्ये बघा.

मराठी माणसांना येणारी एक खास अडचण इथेच सांगतो. काँप्युटर नवीन घेताना विंडोजमध्ये लॉगिनचं नाव देवनागरीत दिलेलं असेल, तर तुमच्या युजर फोल्डरचं नावही देवनागरीत असतं, आणि एक्स्टेन्शनचा पूर्ण पत्ता त्यातूनच जातो. जुन्या, निष्काळजीपणे लिहिलेल्या एक्स्टेन्शन्सना असा पत्ता पचत नाही. नंतर लॉगिनचं नाव बदललं तरी फोल्डरचं नाव बदलत नाही, ते पहिल्या दिवशी पडलेलं तसंच राहतं. असा संशय आला तर इंग्रजी अक्षरांत नाव देऊन एक नवीन लॉगिन तयार करा आणि तिथे तेच एक्स्टेन्शन टाकून बघा. तिथे चाललं तर कारण सापडलं. आपल्या भाषेत आपलं नाव लिहिलं म्हणून काम अडावं, याचं मला वाईट वाटतं, पण ऑर्डर आज द्यायची असते तेव्हा हाच मार्ग उरतो.

मेनू दिसतो पण नावं करडी, दाबताच येत नाहीत, किंवा दाबलं तरी काहीच नाही. इंकस्टिचबाबत असं झालं तर आधी अँटिव्हायरसची क्वारंटाइनची यादी बघा. इंकस्टिचच्या पोटात स्वतःचा चालू प्रोग्रॅम असतो आणि काही अँटिव्हायरस त्याला संशयाने उचलून नेतात. पाटी जागेवर, कारागीर कोठडीत. फाइल मूळ प्रकल्पाच्या पानावरूनच उतरवली आहे याची खात्री असेल तरच तिला सोडवा. टेलिग्रामवर कोणी दिलेली, 'सगळी एक्स्टेन्शन्स एकत्र' असली झिप असेल तर सोडवू नका. एक्स्टेन्शन म्हणजे तुमच्या अधिकाराने तुमच्या काँप्युटरवर चालणारा प्रोग्रॅम आहे. तो तुमच्या ग्राहकांच्या फाइल्स वाचू शकतो, पुसू शकतो. इंकस्केप १.१ पासून एक्स्टेन्शन्सच्या मेनूतच 'मॅनेज एक्स्टेन्शन्स' आलं आहे, ते इंकस्केपच्याच संकेतस्थळावरून उतरवतं. तिथे मिळालं तर बाहेर जाऊच नका.

क्लिक केलं, एरर नाही, पण डिझाइनला काहीच झालं नाही. इथे एक्स्टेन्शन बरोबर असतं आणि समोरची वस्तू चुकीची असते. बहुतेक एक्स्टेन्शन्सना पाथ, म्हणजे रेषांनी बनलेला आकार हवा असतो. तुम्ही 'श्री गणेश' टाइप केलंय, ती अजून अक्षरं आहेत, पाथ नाहीत. ती निवडा, कंट्रोल आणि शिफ्टसोबत सी दाबा, मग चालवा. जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट जुळल्यात ना हे पाथ करण्याआधी बघून घ्या, नंतर दुरुस्त करणं फार कटकटीचं. चित्र जेपीजी असेल तर त्याला आधी ट्रेस करावं, म्हणजे त्याचे पाथ बनवावे लागतात.

मदत मागायची वेळ आली तर फोटो पाठवताना एररच्या शेवटच्या ओळी दिसतील असा काढा, वरच्या नाहीत. सोबत इंकस्केपचा आवृत्तीचा आकडा, ते स्टोअरमधून घेतलं की संकेतस्थळावरून, आणि नोंदवहीतली तुमच्या एक्स्टेन्शनची ओळ. ताई आता हे एवढं पाठवतात आणि आमचा फोन दोन मिनिटांत संपतो.

ज्या जुन्या एक्स्टेन्शनची नवी आवृत्ती निघालीच नाही आणि ज्याच्याशिवाय काम होत नाही, त्यासाठी जुनं इंकस्केप नव्याच्या शेजारी ठेवता येतं. पण नुसती दुसरी प्रत टाकली तर दोघंही तुमच्या लॉगिनमधला तोच एक फोल्डर वापरतात आणि एकमेकांची एक्स्टेन्शन्स, सेटिंग्ज गोंधळवून टाकतात. म्हणून जुन्यासाठी पोर्टेबल आवृत्ती घ्या, ती आपलं सगळं आपल्याच फोल्डरात ठेवते.

मी असंच एक जुनं एक्स्टेन्शन ठेवलं होतं. दिसत होतं, चालत होतं, एरर एकही नाही. एका डॉक्टरांच्या दवाखान्याची ॲक्रिलिकची नेमप्लेट होती, ३०० मिलिमीटर लांबीची. कापून झाली, चौकटीत बसवायला गेलो तर बसेना. मोजली तर ३२०. शीट वाया, डॉक्टरांचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी. रात्री बसून कारण शोधलं. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या ०.९२ ने एका इंचात ९० ऐवजी ९६ बिंदू धरायला सुरुवात केली, आणि ते एक्स्टेन्शन त्याआधी लिहिलेलं, ९० च धरून बसलेलं. ९६ ला ९० ने भागलं की तीनशेचे बरोबर तीनशे वीस होतात.

म्हणून कोणतंही नवीन किंवा जुनं एक्स्टेन्शन टाकलं की खऱ्या कामाआधी एमडीएफच्या टाकाऊ तुकड्यावर ५० मिलिमीटरचा चौकोन कापायचा आणि व्हर्नियर लावायचं. लेझरचा किरण खातो तेवढा किरकोळ फरक सोडला तर तो पन्नासच भरला पाहिजे. त्रेपन्नच्या पुढे काटा गेला तर कारण मशीनमध्ये शोधत बसू नका.